‘यांच्यामुळे माझा पीआर हुकला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुम्हाला आणि घरच्यांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. नोकरी सांभाळून, कॅनडासारख्या परक्या देशात एकट्यानं पीआरचा, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज करणं किती जीव काढतं, हे मी रोज माझ्यासमोर बसलेल्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर बघते. त्यामुळे तुमचा राग मला समजतो. पण तुम्ही लिहिलेलं आता सगळे वाचून राहिले, आणि त्यातलं एक वाक्य मला गप्प बसू देत नाही, म्हणून उत्तर इथंच देते.

तुम्ही लिहिलंय: “दोन महिने माझे कागद यांच्या ड्रॉवरमध्ये धूळ खात पडले होते. तेवढ्यात मी तीस वर्षांचा झालो, सीआरएसचे पाच गुण गेले आणि ड्रॉ हुकला. साडेतीन हजार घेतले, पीसीसीचं काम केलंच नाही. असल्या पीआर एजंटांपासून सावध राहा.”

बाकी वाचणाऱ्यांसाठी: सीआरएस म्हणजे पीआरच्या उमेदवाराला वय, शिक्षण, भाषा यांवरून मिळणारे गुण, ड्रॉ म्हणजे ठरावीक गुणांच्या वरच्यांना अर्जाचं इन्व्हिटेशन देणारी फेरी, आणि पीसीसी म्हणजे पोलीस दाखला.

ड्रॉवरचं आधी सांगते.

तुमचे बाबा, ज्यांना आम्ही सगळे काकाजीच म्हणतो, दसऱ्यानंतर नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या ऑफिसात तुमचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाकडून परदेशी जाणाऱ्या गुणपत्रिका, काढायला आले. पिशवीत इंजिनिअरिंगच्या गुणपत्रिका होत्या, पण सहाव्या सेमिस्टरची मूळ प्रत नव्हती, नुसती झेरॉक्स होती. अधिकारपत्र म्हणून तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची प्रिंट होती, आणि त्यावरची सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळत नव्हती. विद्यार्थी स्वतः हजर नसताना ट्रान्सक्रिप्ट काढायचं म्हटलं की विद्यापीठाच्या खिडकीवर पहिला प्रश्न याच अधिकारपत्राचा येतो. त्यात त्यांचं काही चुकत नाही. उद्या कुणीही येऊन कुणाच्याही गुणपत्रिका परदेशी पाठवायला लागला तर कसं चालेल? हे मी काकाजींना त्याच दिवशी सांगितलं आणि काय काय कमी आहे ते कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला होता.

तिसरी गोष्ट रेफरन्स नंबरची, आणि खरा वेळ तिथेच गेला. शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी, म्हणजे ईसीएसाठी, खातं उमेदवारालाच उघडावं लागतं. फी भरली की नंबर मिळतो, आणि विद्यापीठाकडून गुणपत्रिका जातात त्या हा नंबर घालून. नंबर नसला तर तिकडे पोचलेलं पाकीट कुणाच्या फाइलला लावायचं हे कुणालाच कळत नाही, ते नुसतं पडून राहतं. आमच्याकडच्या मुलीनं तुम्हाला नंबर मागितला. तुम्ही स्क्रीनशॉट पाठवला, त्यात शेवटचे आकडे कापले गेले होते. तिनं परत मागितला. पूर्ण नंबर आला तो दिवाळी झाल्यावर.

मी यात तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही नाइट शिफ्ट करता हे काकाजींनी सांगितलं होतं. थंडीच्या दिवसांत ओंटारिओ आपल्या साडेदहा तास मागे असतं. आमच्या दुपारच्या तीन वाजता तुमच्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. माणूस थकून आलेला असतो, मेसेज राहून जातो. पण ते दिवस आमच्या ड्रॉवरच्या नावावर टाकू नका, एवढीच विनंती. सगळे मेसेज तुमच्याही फोनमध्ये असतील, तारखांसकट.

पुढे विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा लागल्या. मग डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं. त्या आठवड्यात मॉरिस कॉलेज टी पॉइंटपासून झिरो माइलपर्यंत काय परिस्थिती असते, हे नागपुरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. रोज नवा मोर्चा, रोज नवं बॅरिकेड. तरीही कागद अधिवेशनाच्या गर्दीतच निघाले, आणि पावती काकाजींच्या हातात दिली. त्यानंतर मूल्यमापनाला लागणारा वेळ हा त्या संस्थेचा असतो. तो ना मी कमी करू शकत, ना सीताबर्डीतलं दुसरं कुणी. कुणी करून देतो म्हणत असेल तर त्याच्याकडून ते लेखी घ्या.

आता पाच गुणांचं. ते गेले हे खरं आहे. जोडीदार सोबत नसलेल्या उमेदवाराला 29 व्या वर्षापर्यंत वयाचे 110 गुण असतात, तिसाव्या वाढदिवशी 105 होतात. तुमचा वाढदिवस जानेवारीत होता. पण तुमचा एकूण आकडा तुम्ही स्वतःच रिव्ह्यूत लिहिलाय, 498. त्यात पाच मिळवले तर 503. आणि 2025 मधले कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासचे, म्हणजे तिथं नोकरीचा अनुभव असलेल्यांचे, ड्रॉ काढून बघा, एकही 510 च्या खाली आलेला नाही. हे आकडे कॅनडा सरकार उघड प्रसिद्ध करतं, मी मनचे सांगत नाही. म्हणजे कागद तुमच्या वाढदिवसाच्या आधी पोचले असते तरी त्या वर्षीचा ड्रॉ तुमच्या हाती लागला नसता. मग “यांच्यामुळे हुकला” कसं म्हणता?

आणि त्या कागदांमुळे जे गुण वाढले त्यांचा तर तुम्ही उल्लेखच केला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. तुमचा तिथला डिप्लोमा दोन वर्षांचा. नुसत्या त्यावर शिक्षणाचे 98 गुण मिळतात. इथली चार वर्षांची बी.ई. मूल्यमापन होऊन त्यात जोडली गेली की तेच 128 होतात. इंग्रजीचा निकाल चांगला असेल तर त्याचे जोडगुण वेगळे. म्हणजे 30 गुण तर सरळ त्याच पाकिटानं आणले, जे तुमच्या मते धूळ खात होतं. शिवाय ईसीएचा अहवाल पाच वर्षं चालतो. पुढच्या प्रोफाइललाही, म्हणजे ड्रॉसाठीच्या ऑनलाइन नोंदीलाही, तोच लागेल, परत कुणाकडे हिंडायची गरज नाही.

“पीआर एजंट” हा शब्द मला फार लागला. सर, आमच्या पाटीवर पीआर हा शब्दच नाही. कागदपत्रं, भाषांतर, ट्रान्सक्रिप्ट, एवढंच लिहिलेलं आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या 91 व्या कलमाप्रमाणे पैसे घेऊन अर्जाचा सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना, लॉ सोसायटीचे सदस्य असलेल्या पॅरालीगलना, क्युबेकच्या नोटरींना आणि तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे नोंद असलेल्या परवानाधारक सल्लागारांनाच आहे. त्यांची यादी कुणालाही बघता येते. माझं नाव त्यात नाही, म्हणून मी प्रोफाइल कधी टाका, कोणता प्रोग्रॅम घ्या, किती गुण होतील, याचा सल्ला कधीच कुणाला देत नाही. तुम्हीही पहिल्याच फोनवर विचारलं होतं की वाढदिवसाच्या आधी प्रोफाइल टाकू का. मी म्हटलं, हे परवानाधारकाला विचारा. तुम्हाला ते टाळल्यासारखं वाटलं असेल. पण ज्या कामाचा मला हक्क नाही त्याचे पैसे मी घेत नाही. आमच्याच रस्त्यावर काचेच्या दारांमागे “गॅरंटेड पीआर” म्हणून लाखांनी घेणारे बसलेले आहेत. त्यांच्या रांगेत आम्हाला उभं केलंत, हे बरोबर नाही.

तिथले नियम बदलले तरी इथं आमच्यावर येतं. 25 मार्च 2025 पासून नोकरीच्या ऑफरचे 50 किंवा 200 गुण कॅनडानं काढून टाकले, तेव्हाही लोक फोन करून आम्हालाच विचारत होते की असं कसं केलं. निर्णय ओटावाचा, जाब सीताबर्डीत. वाईट वाटतं, कारण त्या मुलांचं नुकसान खरंच झालेलं असतं आणि आम्ही काहीच करू शकत नाही.

पीसीसीबद्दलही लिहिते, दुसऱ्यांना उपयोग होईल. काकाजींनी तुमचा जुना पीसीसी आणला होता, स्टडी व्हिसाच्या वेळचा. तो चालत नाही. ज्या देशात तुम्ही आता राहत नाही तिथला पोलीस दाखला तिथलं तुमचं राहणं संपल्यानंतरच्या तारखेचा लागतो, आणि तुमचा तर निघायच्या आधीचा होता. नवा काढायचा तर तुम्ही कॅनडात असताना अर्ज तिथल्या भारतीय दूतावासाच्या व्यवस्थेतूनच करावा लागतो. इथल्या पासपोर्ट सेवा केंद्रात मुलाच्या जागी वडील जाऊन बसले तर काम होत नाही, अर्जदार स्वतः लागतो. म्हणून आम्ही ते काम घेतलं नाही आणि त्याचा एक रुपयाही घेतला नाही. काम न करणं आणि न होणारं काम हातात न घेणं यात फरक आहे. आणि इन्व्हिटेशन आल्यावर अर्ज भरायला फक्त 60 दिवस मिळतात, त्यामुळे हा दाखला कुठून काढायचा हे आधीच माहीत असलेलं बरं.

साडेतीन हजारांची पावती तुमच्याकडे आहे. विद्यापीठाची फी आणि कुरिअर वेगळं, हे त्यावर छापलेलं आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. फोनवर तुम्ही आमच्याकडच्या मुलीला “तुला इंग्रजी तरी वाचता येतं का” असं म्हणालात. ती मुलगी एम.ए. आहे, सकाळी उमरेडहून बसनं येते आणि मराठी जन्मदाखल्यांची भाषांतरं इतकी नीट तपासते की मला परत बघावी लागत नाहीत. त्या दिवशी ती डबा न खाता घरी गेली. माझ्यावर रागवा, दुकान माझं आहे. तिच्यावर नको होतं.

आमचं काम तोंडी ओळखीवर चालतं. जाहिरातीला पैसा नाही. आता कुणी नाव शोधलं की सगळ्यात वर तुमचा एक स्टार दिसतो. परवा एक बाई दारातूनच फोन दाखवत म्हणाल्या, “हे खरं आहे का हो ताई?” मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, तरी त्या “विचार करून येते” म्हणून गेल्या. दोन मुलींचे पगार आणि जागेचं भाडं याच कामातून निघतं. तुम्ही रात्री रागात लिहिलं असेल, पण इथं ते रोज सकाळी वाचलं जाते.

यापुढे काम कुठवर आलं याचा मेसेज परदेशातल्या ग्राहकाला थेट आणि वेळेवर जाईल, अशी व्यवस्था आम्ही करतो आहोत. आणखीही काही सुधारणा डोक्यात आहेत.

तुमचा अर्ज अजून संपलेला नाही, आणि तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. काकाजी पावसाळ्यात छत्री विसरून आलेल्या माणसासारखे कावरेबावरे होऊन समोर बसायचे, तरी प्रत्येक वेळी तुमचा फोटो दाखवायचे. अर्जासाठी एखाद्या मराठी कागदाचं भाषांतर लागलं तर सांगा. कॅनडाला उमेदवारानं किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, त्यामुळे ते घरी करत बसू नका. सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागेल, तेही आम्ही करून देऊ, आमचा चार्ज घेणार नाही. ऑफिस सकाळी अकरा ते सायंकाळी सात, रविवारी बंद. बोलायचं असेल तर तुमची शिफ्ट सुटायची वेळ कळवा, त्या वेळेला मी स्वतः फोन करते. आणि वर लिहिलेलं तपासून बघितल्यावर तुम्हाला पटलं, तर रिव्ह्यू बदलायचा का ते तुम्ही ठरवा.