खांब कोणाचा?

"आपल्याला हा एक नग कितीला पडतो हो?" हा प्रश्न लोक मला जिन्यात गाठून विचारतात. घड्याळात किती वाजले हे विचारावं, त्या सुरात. मी कॉस्टिंग विभागात आहे, तेव्हा उत्तर माझ्या खिशातच असणार असा त्यांचा समज. मी आपला विचारतो, "कशासाठी हवंय?" की झालं! समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी काहीतरी दडवतोय. जे. एम. क्लार्क या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1923 साली हेच लिहिलं होतं, की काम बदललं की खर्चाचा आकडाही वेगळा घ्यावा लागतो. त्याचं नाव झालं. मी तेच म्हटलं की टोलवाटोलवी ठरते.

आमच्याकडे झडपा बनतात. झडपेत किती धातू गेला, ती घडवायला किती मजुरी लागली, इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही. भांडण पुढच्या खर्चाचं. जागेचं भाडं, दिवाबत्ती, पहारेकरी, सुपरवायझर, यंत्रांचा घसारा आणि माझा पगार. पुस्तकात याला वरकड खर्च म्हणतात, कारखान्यात ओव्हरहेड. हा खर्च कुठल्याच एका झडपेने केलेला नसतो, पण प्रत्येक झडपेच्या अंगावर तो थोडाथोडा चढवावा लागतो. यासाठी मराठीत खापर फोडणे हा इतका नेमका वाक्प्रचार असताना पाठ्यपुस्तकवाल्यांनी 'संविभाजन' कशाला शोधून काढलं, देव जाणे. खापर तयारच असतं. डोकं शोधण्याचा पगार मला मिळतो.

तर भाडं. भाडं जागेच्या प्रमाणात वाटायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. म्हणजे मी टेप काढेपर्यंत मान्य होतं. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च नावाच्या इंग्लिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, की प्रत्येक यंत्र म्हणजे एक छोटंसं दुकान समजा आणि त्याचं भाडं त्याच्याकडून वसूल करा. कल्पना छान आहे. पण भाडं मागायला जाणाऱ्याला दुकानदार काय म्हणतात, याबद्दल माझ्याकडे जास्त माहिती आहे.

मोजणी सोमवारी होणार ही बातमी शुक्रवारीच फुटली. शनिवारी असेंब्लीची चार कपाटं रातोरात पॅसेजमध्ये आली. पॅसेज सामाईक, त्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, हे असेंब्लीच्या प्रमुखांना पक्कं ठाऊक होतं. एरवी त्यांना माझा तक्ता वाचता येत नाही. मशीन शॉपच्या प्रमुखांनी तर जमिनीवरचे पिवळे पट्टेच नव्याने मारून घेतले होते, आणि या नव्या पट्ट्यांच्या आत त्यांची दोन यंत्रं जेमतेम श्वास रोखून उभी होती. "ऑपरेटर कुठे उभा राहतो?" मी विचारलं. ते म्हणाले, "पट्ट्याबाहेर."

टेपचं दुसरं टोक धरायला आलेला पोरगा दोन्ही विभागांत अर्धा-अर्धा दिवस काम करायचा, त्यामुळे तो टेप कधी इकडून ढिली सोडायचा, कधी तिकडून. आणि मग मधोमध तो खांब आला. साठ सेंटीमीटर बाय साठ. एका बाजूला मशीन शॉप, दुसऱ्या बाजूला असेंब्ली. भरतो 0.36 चौरस मीटर, म्हणजे आमच्या 1,800 चौरस मीटरांच्या शेडमध्ये 0.02 टक्के.

"खांब तुमच्याकडे धरू?"

"आमचा काय संबंध? आम्ही खांबावर काम करतो का?"

"मग तुमच्याकडे?"

"अहो, छत त्यांच्या क्रेनमुळे जड झालंय. खांब त्यांचाच."

या 0.02 टक्क्यावर दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पाऊण तास घालवला. त्या पाऊण तासाचा खर्चही ओव्हरहेडमध्येच जातो, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. तक्त्यात मी 'खांब: अनिर्णित' असं लिहून पुढे सरकलो.

जागेचं एकवेळ परवडलं. सेवा विभागांचं प्रकरण त्याहून चिवट. दुरुस्ती विभाग वीजघराची यंत्रं दुरुस्त करतो, वीजघर दुरुस्ती विभागाला वीज देतं. म्हणजे याचा खर्च त्याच्यावर, त्याचा याच्यावर. आधी कोणाचा वाटायचा? सोपा मार्ग म्हणजे त्यांचं आपापसातलं देणंघेणं दिसलंच नाही असं धरून चालायचं. बरीच वर्षं मी तसंच केलं आणि सुखात होतो. पण एका वर्षी मला अचूकपणाची हुक्की आली आणि मी समीकरणं मांडली. दुरुस्तीचा स्वतःचा खर्च 78, वीजघराचा 200. लाख म्हणा, हजार म्हणा, भांडण तेवढंच. दुरुस्तीचं 20 टक्के काम वीजघरासाठी, वीजघराची 10 टक्के वीज दुरुस्तीला. शाळेत शिकलेली दोन चलांची समीकरणं आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडली. उत्तरही सुरेख आलं: 100 आणि 220.

साहेबांनी कागद हातात घेतला. बेरीज केली. चष्मा काढला.

"खर्च झाला 278. तुम्ही दाखवताय 320. वरचे 42 कुणी खाल्ले?"

कुणीच खाल्ले नव्हते. दोघांनी एकमेकांना दिलेलं दोन्हीकडे मोजलं गेलं, एवढंच. 100 मधले 80 आणि 220 मधले 198 उत्पादन विभागांकडे जातात, त्यांची बेरीज पुन्हा 278 होते. हे मी तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा साहेब "हं" म्हणाले. माणूस समजल्यावर जसं "हं" म्हणतो तसं ते नव्हतं. त्या महिन्यात माझ्या प्रवासबिलाची तपासणी दोनदा झाली.

साहेबांना तरी कसा दोष द्यावा? मातीची भांडी बनवणाऱ्या जोसाया वेजवूडने 1772 च्या मंदीत आपल्या खर्चाचा असाच बारकाईने हिशोब मांडला, तेव्हा त्यातून त्याच्या मुख्य कारकुनाची अफरातफर बाहेर आली होती. माल कमी बनो की जास्त, भाड्यासारखे काही खर्च घड्याळाच्या काट्यांसारखे चालूच राहतात, हेही त्याला त्याच हिशोबात दिसलं. दुसरा शोध जास्त मोठा, पण साहेब लोकांना आवडतो पहिला.

विभागांपर्यंत पोचलेला खर्च मग झडपांवर उतरवायचा. आमच्याकडे तो मजुरीच्या तासांवर उतरवायची जुनी रीत होती. साध्या झडपा 9,000, खास बनावटीच्या 1,000, आणि दर नगाला तास दोन्हींना एकसारखेच. म्हणून खास झडपांवर ओव्हरहेड यायचा फक्त 10 टक्के. पण शॉपमध्ये जाऊन उभं राहिलं की वेगळंच चित्र दिसतं. साध्या झडपेसाठी यंत्र वर्षातून 10 वेळा लावायचं, एकदा लावलं की ते आपलं घरघर करत बसतं. खास झडपेची ऑर्डर आली की मात्र लगीनघाई. जुनी हत्यारं काढा, नवी बसवा, माप घ्या, पहिला नग काढा, तो चुकला म्हणून फेकून द्या, पुन्हा माप घ्या. पंचवीस नग काढले की सगळं परत खोला. असं वर्षातून 40 वेळा. यंत्र लावण्याचा खर्च या हिशोबाने वाटला तर 50 पैकी 40, म्हणजे 80 टक्के खास झडपांच्या वाट्याला येतो. दर नगामागे आधीच्या थेट आठपट! इतकी वर्षं साधी झडप निमूटपणे बहिणीचं ओझं वाहत होती आणि आम्ही तिलाच महागडी म्हणून नावं ठेवत होतो.

रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी 1980 च्या दशकात 'ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग' म्हणून गाजवलेली पद्धत ती हीच. खर्च ज्या कामामुळे होतो, त्या कामाच्या मापाने तो वाटायचा. मी ती बैठकीत मांडली. साध्या झडपेच्या विक्रीवाल्याने टेबलावरून हात पुढे करून माझा हात हातात घेतला. खास झडपेच्या विक्रीवाल्याने विचारलं, "ही पद्धत कायद्याने सक्तीची आहे का?" नाही म्हटल्यावर तो खुर्चीत मागे रेलला.

पण परवानगी मिळाली, आणि मी वही घेऊन निघालो. कोणत्या कामात तुमचा किती टक्के वेळ जातो, हे एकेकाला विचारायचं होतं. स्टोअरमध्ये सहा जण. सहाही जणांची बेरीज बरोबर 100 आली. माल उतरवणं 40, नोंदी 35, शोधाशोध 25. मी गेलो तेव्हा त्यातले दोघे क्रिकेटचा स्कोअर बघत होते. तो कुठल्या कामात धरायचा, हे विचारलं तर म्हणाले, "शोधाशोध." कॅप्लननाही हे जाणवलं असावं. 2004 साली त्यांनी स्टीव्हन अँडरसन या सहलेखकाबरोबर पद्धत सुधारून मांडली. माणसांना टक्के विचारू नका, एका कामाला किती मिनिटं लागतात ते बघा. उरलेला वेळ रिकामा म्हणून आपोआप दिसेल. आमच्या स्टोअरमध्ये रिकामा वेळ हा शब्द उच्चारायला मी एकटा जाणार नाही.

या सगळ्यात कारखान्याचे मुख्य व्यवस्थापक मात्र कायम शांत असतात. त्यांना एक गुपित माहीत आहे. स्थिर खर्च, म्हणजे माल कितीही बनवला तरी तेवढाच राहणारा, 1,000 असेल आणि 100 नग बनवले, तर प्रत्येकावर 10 बसतात. 200 बनवले तर 5. विकायचे पुन्हा 100 च. उरलेले 100 नग प्रत्येकी 5 अंगावर घेऊन गोदामात झोपायला जातात आणि 500 एवढा खर्च या वर्षीच्या नफ्यातून बेमालूम गायब होतो. विक्री तेवढीच आणि नफा वाढलेला! स्थिर खर्च नगांवर चढवूच नका, ज्या महिन्याचा त्या महिन्यातच काढून टाका, असं सांगणारी पद्धत 1936 पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. मी ती आतल्या अहवालासाठी एकदा सुचवली. व्यवस्थापक प्रेमाने म्हणाले, "तुम्ही खूप वाचता." गोदामाला पुढच्याच महिन्यात आणखी जागा लागली. ती मोजायला मीच गेलो.

विक्रीवाल्यांनी एकदा तर कहरच केला. चार मालांवर 120 स्थिर खर्च, प्रत्येकी 30. त्यातला एक माल तोट्यात दिसला, म्हणून बंद करा म्हणाले. मी म्हटलं, माल जाईल, खर्च इथेच राहील. उरलेल्या तिघांवर मग 40 बसतील आणि त्यातला अजून एक तोट्यात जाईल. तोही बंद केला की दोघांवर 60. शेवटी एकच माल उरेल आणि अख्खा 120 डोक्यावर घेऊन बसेल. "आणि तोही तोट्यात असेल?" त्यांनी विचारलं. "बहुतेक." "मग तो तरी का बनवायचा?" मी पाणी प्यायलो.

परवा अचानक खांबाचा विषय पुन्हा निघाला. असेंब्लीला त्यांच्या जिगांचा बोर्ड टांगायला जागा हवी होती. त्यांच्या प्रमुखांनी खांबाकडे बोट दाखवलं. त्याच दिवशी मशीन शॉपने तिथे हवेच्या पाइपचं कनेक्शन बसवायचं पत्र दिलं होतं. दोघंही माझ्या टेबलाशी आले. खांब आमचाच आहे, पहिल्यापासून, असं दोघांनीही ठणकावून सांगितलं. मी ड्रॉवर उघडला, तक्ता काढला, 'अनिर्णित' खोडलं आणि पेन पुढे केलं. "ज्यांचा असेल त्यांनी इथे सही करा. मागच्या तीन वर्षांचं भाडं याच महिन्यात लावतो."

बोर्ड सध्या पॅसेजमध्ये कपाटांना टेकून उभा आहे.