नोट आधी बोटांना कळते

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. खाऊसाठी दहाची नोट हातावर ठेवताना म्हणायचे, "आधी बोट फिरव, मग बघ." आता मी जर्मनीत एका बेकरीच्या गल्ल्यावर असते आणि दिवसभर तेच करते.

एकदाच चुकले. डिसेंबरची संध्याकाळ, रांग दारापर्यंत. पन्नास युरोची नोट न चाचपता गल्ल्यात टाकली. रात्री हिशेब करताना हाताला लागली ती गुळगुळीत, जाहिरातीच्या कागदासारखी. खरी नोट निव्वळ सुती कागदाची, करकरीत. तिच्या दोन्ही कडांना बारीक उंच रेघा असतात, नख फिरवलं की खरखर जाणवते. खालचा हिरवा ५० आकडा तिरका धरला की त्यावरून उजेडाची पट्टी वरखाली सरकते आणि हिरवा गडद निळा होतो. उजेडासमोर धरली की चंदेरी पट्ट्यातली खिडकी आरपार दिसते, आणि तिच्यात ग्रीक पुराणातली युरोपा. या नोटेतला हिरवा हिरवाच राहिला. नकली नोटेची भरपाई कुणी देत नाही, पन्नास युरो गेले.

तेव्हापासून कुणी युरोच्या नोटांना निर्जीव म्हटलं की मला राहवत नाही. २००२ साली आलेल्या या नोटांवर ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी दारं, खिडक्या आणि पूल काढले, तेही मुद्दाम काल्पनिक, म्हणजे कुठल्या एका देशाची बाजू घेतल्यासारखं व्हायला नको. (पुढे नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे गावाने ते सातही पूल खरोखर बांधले!) आता नव्या नोटांची तयारी चालू आहे. एक पर्याय बेथोव्हेन, मेरी क्युरी अशा चेहऱ्यांचा, दुसरा नद्या आणि पक्ष्यांचा. वाद सगळा चित्रांचा. मला विचाराल तर चित्र कुठलंही घ्या, पण बोटांना कळणारं काही कमी करू नका.

२०१९ मध्ये शंभर आणि दोनशेच्या नव्या नोटा आल्या, तेव्हा त्यांची उंची कमी करून पन्नासच्या नोटेइतकी, ७७ मिलिमीटर केली. यंत्रांना आणि पाकिटांना ते सोयीचं, मान्य. पण पाच, दहा, वीस, पन्नास या प्रत्येक नोटेची उंची वेगळी आहे. पन्नास, शंभर आणि दोनशेत मात्र फरक उरला फक्त लांबीचा. न पाहता नोट ओळखणाऱ्याचा एक आधार तिथे गेला, आणि हे मला पटलेलं नाही.

दर शनिवारी एक दृष्टिहीन आजी राय ब्रेड घ्यायला येतात. परवा त्यांनी पन्नासची नोट दिली. सुट्टे परत देताना मी नेहमीसारखी रक्कम सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. एकेक नोट दोन बोटांत उभी धरली, कडेवरून नख फिरवलं. "वीस. वीस. पाच." तिन्ही बरोबर. मग पाचाची वेगळ्या कप्प्यात घातली आणि ब्रेडसाठी पिशवी पुढे केली.