दुसऱ्यातला दोष आपलाच असतो, असं नाही

‘दुसऱ्यात जे खटकतं ते तुमच्यातच असतं, समोरचा माणूस हा तुमचा आरसा असतो.’ हा संदेश सध्या जिकडेतिकडे फिरतोय, आणि ‘मानसशास्त्रानं हे सिद्ध केलंय’ अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. तसं काही सिद्ध झालेलं नाही.

फ्रॉइडनं प्रक्षेपणाची, म्हणजे स्वतःतल्या नकोशा भावना दुसऱ्यावर लादण्याची कल्पना मांडली, हे खरं. १९९७ साली न्यूमन, डफ आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगांतही दिसलं, की स्वतःतला नकोसा गुण मनाआड ढकलू पाहणाऱ्यांना तोच गुण दुसऱ्यात जास्त जाणवतो. पण असं कधी कधी होतं म्हणून दर वेळी तसंच होतं, हे कुठून आलं?

‘जे खटकतं ते आपल्यातलंच’ हा भाग तर पुष्कळदा उलटा निघतो. ज्या गुणाचा आपल्याला अभिमान असतो, त्याच मापानं आपण इतरांना जास्त मोजतो. मानसशास्त्रज्ञ लेविकी यांनी १९८३ मध्ये हेच दाखवलं. उदाहरणार्थ, मुलाखत घेणारा स्वतः फर्डा बोलणारा असेल, तर अडखळत पण अचूक उत्तर देणारा उमेदवार त्याला ‘आत्मविश्वास नसलेला’ वाटतो. इथं दोष लपवलेला नाही, स्वतःचा गुणच आड येतोय. मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण आपण अन्याय करतोय अशी शंकाही मनाला शिवत नाही.

१९७७ मधला रॉस आणि सहकाऱ्यांचा प्रयोगही पुराव्यादाखल दिला जातो. जाहिरातीची पाटी अंगावर अडकवून आवारात फिराल का, असं विद्यार्थ्यांना विचारलं होतं. तयार झालेल्यांना वाटलं, सुमारे ६२ टक्के लोक तयार होतील. नकार देणाऱ्यांना वाटलं, ३३ टक्केच. आपण इतरांना आपल्यासारखं धरून चालतो, एवढंच यातून कळतं. यात दोषांचा संबंधच नाही.

आणि समोरचा नुसता आरसा असता, तर प्रत्येकाला त्याच्यात वेगळंच काही दिसलं असतं. प्रत्यक्षात एकाच माणसाबद्दल अनेकांची मतं बऱ्याच अंशी जुळतात.

मला खरी चीड येते ती या संदेशाच्या वापराची. वरिष्ठ चारचौघांत अपमान करतात, असं कुणी सांगितलं की उत्तर मिळतं, ‘तुझ्या आतला राग बघ.’ तक्रार तिथंच संपते. त्याऐवजी विचारा: ते नेमकं काय म्हणाले, कुणासमोर म्हणाले, आणि इतरांशीही असंच वागतात का?