कळसूबाईच्या शिडीखाली माझं दुकान

"इझी ट्रेक आहे सर, लहान मुलं पण करतात, सिनियर सिटिझन पण करतात," असं कॅम्पवाला फोनवर म्हणाला होता. अरे पण महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, तेच इझी असेल तर अवघड म्हणून तू लोकांना दाखवतोस तरी काय?

असो. भंडारदरा, पाण्याकाठी टेंट, बायको, मुलगी आणि जिमला जाणारा मेहुणा. पॅकेजमध्ये बार्बेक्यू आणि 'तारे बघणे' होतं. तारे होते पण शेजारच्या कॅम्पचा डीजे रात्री दीडपर्यंत चालू होता. इंग्रजांनी प्रवरेवर बांधलेलं हे धरण १९२६ सालचं, ते त्या दणक्याने हललं नाही म्हणजे तेव्हाचे कॉन्ट्रॅक्टर प्रामाणिक असणार. आणि हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत बरं का, बिबट्यांनासुद्धा ती गाणी पाठ झाली असतील. तक्रार केली तर कॅम्पवाला म्हणतो, सर एन्जॉय करा ना.

तर न झोपता सकाळी बारी गावातून चढायला सुरुवात. पहिली लोखंडी शिडी दिसली तिथे माझा श्वास संपला. शिडीखाली एक सरबताची टपरी, त्यात एक आजी, साठीच्या पुढच्या नक्की. मला बघून त्यांनी न विचारताच बाकडं पुसलं. "बस भाऊ. तुझ्याच्यानं न्हाई व्हायचं. पोरांना जाऊ दे वर." हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मेहुण्याने लगेच "हो हो दाजी, तुम्ही बसाच" म्हणून पाठीवर थाप मारली आणि बायको माझ्याकडे एकदाही न बघता शिडी चढली.

मग आजींनी कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू म्हणे पाटलाच्या घरी कामाला होती, अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा तेच करायला लावलं तर ती ताडकन उठून या डोंगरावर निघून आली, ती आलीच. मला गोष्ट फार आवडली. गोष्ट संपली तशी आजी लिंबांची पिशवी डोक्यावर घेऊन म्हणाल्या, "पोराला वर लिंबं देऊन येते. तवर गिऱ्हाईक बघ. आन् तेवढे गिलास इसळून ठेव." आणि माझा होकार यायच्या आत बाई शिडीवर. भांडी घासायची नाहीत म्हणून जी देवी इथे येऊन बसली तिच्याच डोंगरावर मी दुसऱ्याचे ग्लास विसळत होतो, तेही पैसे भरून घेतलेल्या सुट्टीत.

आणि मग तो आला. पंचविशीचा असेल, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठी सॅक, हातात त्या फोल्डिंगच्या काठ्या.

"मामा, दोन सरबत. रोज वर जाता का?"

"नाही."

"अरे यांना काय अप्रूप," त्याचा मित्र म्हणाला, "इथेच जन्मलेत."

"मी ठाण्याचा आहे," मी म्हणालो. घोडबंदर रोड, दोन बेडरूम, कर्ज चालू, हे सगळं सांगणार होतो पण त्याचे डोळे एकदम चमकले.

"म्हणजे तिकडे नोकरी सोडून गावी परत आलात? मामा, रिस्पेक्ट! आम्हाला पण हेच करायचंय!"

"अहो मी फिरायला आलोय. हे दुकान आजींचं आहे."

"आईला मदत करताय. ग्रेट." मग मित्राला, "बघ, चेहऱ्यावर काय समाधान आहे." त्या क्षणी अख्ख्या अकोले तालुक्यात माझ्याइतका असमाधानी माणूस नसेल! त्याने ग्लास हातात असतानाचा माझा फोटो काढला, मग 'नॅचरल' हवा म्हणून लिंबू पिळतानाचा काढला, आणि मी पिळलं. का पिळलं ते मला अजून कळत नाहीये. मग सल्ले सुरू. सरबतात पुदिना टाका, बाटलीत भरून विका, लेबल लावा, इन्स्टावर पेज काढा. मी त्याला म्हणालो की मी बँकेत कर्ज विभागात आहे. तर म्हणे, "मग तुम्हाला लोन पण पटकन मिळेल की मामा!"

एवढं सगळं झाल्यावर, "वीसचे पंधरा करा ना." मी नाही म्हणालो तर तोंड वाकडं करून, "इथले लोक पण कमर्शियल झालेत." समाधान गेलं वाटतं चेहऱ्यावरचं. क्यूआर कोडसमोर मोबाईल धरून तो पाच मिनिटं रेंज शोधत फिरला, शेवटी एका ग्लासाचे रोख दिले आणि दुसऱ्याचे "वरून येताना देतो." जाताना रिकामी पाण्याची बाटली माझ्याच बाकड्यावर ठेवून गेला. लाखभराची सॅक घेतात, त्यात एक रिकामी बाटली मावत नाही? शिडीच्या दोन्ही बाजूला बघा कधी, वेफर्सची पाकिटं, बाटल्या, ओले वाइप्स. आजी ते रोज संध्याकाळी गोळा करतात म्हणे. देवीने केर काढायला नकार दिला तो बरोबरच होता.

आजी आल्या. साधा दमही लागलेला नाही. गल्ला मोजला. "ईस कमी हायेत." मी सगळं सांगितलं, काठ्या, पुदिना, रेंज. त्यांनी शांतपणे हात पुढे केला. मी खिशातून वीस काढून दिले.

तोपर्यंत घरचे उतरले. मेहुण्याने माझ्यासमोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले कसे ओळीत दिसतात ते सविस्तर सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं. बायकोने सरबताचा घोट घेतला आणि म्हणाली, साखर कमी आहे.

"म्या न्हाई केलं," आजी म्हणाल्या, "ह्यानं केलंय."

चार ग्लासांचे ऐंशी. मीच पिळलेल्या लिंबांचे. मेहुण्याने वीसचे पंधरा करून पाहिले, पण आजी काही ऐकेनात.