भाटीच्या (मांजरीच्या) बाळंतपणाबद्दल निपाणीच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, मांजर आपलं आपण वितं. तुमच्या आईच्या वेळी भाटी माळ्यावर व्यायची आणि महिन्याभरानं पिल्लं घेऊन खाली उतरायची, डॉक्टर कुणी बघितलाच नाही. परवा तुमच्याच भाटीनं संध्याकाळी दोन पिल्लं दिली, रात्रभर निवांत पडली आणि सकाळी आणखी दोन झाली. मग 'अर्ध्या तासात दवाखाना गाठा' असं लिहून मी लोकांना घाबरवते कशाला?

पिल्लांमधल्या खंडाबद्दल तुम्ही बरोबर आहात. मांजराचं बाळंतपण मधेच थांबू शकतं, चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त. अशा वेळी भाटी खाते, झालेल्या पिल्लांना चाटते, पाजते, डुलकी काढते. तिला हलवायचं नाही. हे माझ्या लेखात यायला हवं होतं. आज घातलं आहे.

अर्धा तास मी लिहिला तो कळांसाठी. पोट आवळतंय, भाटी सलग जोर करतेय, आणि वीस-तीस मिनिटं झाली तरी पिल्लू नाही, तर ते आत अडकलेलं असू शकतं. पिल्लू मागच्या पायांनी येतंय एवढ्यानं घाबरू नका, बरीच पिल्लं तशीच येतात. अर्धवट येऊन अडकलं तर मात्र थांबू नका.

हे मी माझ्या भाटीमुळे, चिमीमुळे शिकले. आषाढातली रात्र होती, खानापुरात पावसानं लाईट गेलेली. बॅटरीच्या उजेडात गोणपाटावर हिरवट-काळसर डाग दिसला. पिल्लू अजून एकही नव्हतं. मला वाटलं, पाणमोट फुटली असेल, आता होईलच. पहिल्या पिल्लाआधी तसा स्राव दिसणं म्हणजे आत पिल्लाला पोसणारी वार सुटायला लागल्याची खूण, हे तेव्हा मला कुणी सांगितलेलं नव्हतं. चिमी तोंड उघडून धापा टाकत होती, मधेच माझ्या मनगटाला पंजा लावायची. दीड तासानं म्हशींना सुया द्यायला येणाऱ्या एकाला उठवून आणलं. "काय होत नाही, मोकळी होतीया," म्हणून त्यानं पोट न तपासता कळा येण्याचं इंजेक्शन दिलं. वाट अडलेली असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. पहाटे तिला टोपलीत घालून बेळगावला नेलं, पोट फाडून पिल्लं काढावी लागली. पहिलं आडवं बसलं होतं. चारांतलं एक जगलं, चिमीही वाचली. म्हणून विनवते काका, ते इंजेक्शन घरी कुणाकडूनही देऊ नका.

माळ्यावरच्या भाट्यांचं म्हणाल, तर पिल्लं घेऊन खाली आल्या त्या आपण मोजल्या. ज्या आल्या नाहीत त्या 'गेली कुठंतरी' म्हणून सोडून दिल्या. आमच्याही घरी असंच होतं.

आता तुमचा शेवटचा सल्ला : गाभण असल्यापासून म्हशीसारखं कॅल्शियमचं औषध पाजावं. हे कृपा करून कुणी करू नये. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घ्यायची शरीराची सवय मंदावते आणि ऐन दुधाच्या वेळी रक्तात ते कमी पडतं. विण्याआधी जास्त कॅल्शियम दिलेल्या म्हशीलाही दुग्धज्वराचा, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरण्याचा, धोका असतो. गाभण आणि पाजत्या भाटीला पिल्लांसाठी मिळणारं खाणं पोटभर द्या, ते पुरे.

तुमची भाटी आता चार पिल्लं पाजतेय, म्हणून पुढचे चार आठवडे बघत राहा. ती बेचैन झाली, पाय ताठ टाकत चालू लागली, अंग थरथरलं, तर पिल्लं लगेच बाजूला काढा आणि तडक डॉक्टर गाठा. ही रक्तात कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणं. अशा वेळी डॉक्टरांना ते शिरेतून, सावकाश, हृदयाचे ठोके बघत द्यावं लागतं. त्याआधी या आठवड्यात अंग तापलं, घाण वासाचा स्राव आला किंवा ती पिल्लांकडे फिरकेना, तरी उशीर करू नका. तापावर माणसाची पॅरासिटामॉल अर्धीसुद्धा देऊ नका, मांजर त्यानं मरतं.

आणि पाजत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते, तेव्हा बोका घरात शिरणार नाही एवढं बघा. पिल्लं दुधावरून तुटली की पुन्हा गाभण न राहण्याच्या ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारा. चारही पिल्लं कशी आहेत, तेही कळवा.