योसेफाची कोठारं आणि आईचं मडकं

बचतीवरच्या तुमच्या लेखात बायबलमधल्या योसेफाचा, म्हणजे इजिप्तच्या राजाचा धान्यसाठा सांभाळणाऱ्या कारभाऱ्याचा, दाखला देऊन ‘पगार वाढला की आधी बचत वाढवा’ असं म्हटलंय. मनापासून पटलं. पण बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा 41वा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. सुकाळाच्या 7 वर्षांत योसेफाने पिकाचा पाचवा हिस्साच बाजूला काढायला लावला. म्हणजे लोकांच्या पोटाला चिमटा घेऊन नाही. आणि ज्या नगराभोवतालच्या शेतातलं धान्य, ते त्याच नगरात साठवलं. दुष्काळ पडल्यावर ती कोठारं उघडली, तेव्हा ज्या भावांनी त्याला गुलाम म्हणून विकलं होतं त्यांनाही धान्य मिळालं. बायबलमधल्याच लूकच्या शुभवर्तमानात, 12व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला श्रीमंतही मोठी कोठारं बांधायला निघाला होता, पण ती स्वतःपुरती. देवाने त्याला मूर्ख म्हटलं. लेखात हा फरक यायला हवा होता, असं मला फार वाटतं.

आम्ही परळचे. वडील कापडगिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. बोनस झाला की आई थोडे पैसे पत्र्याच्या डब्यात टाकायची, आणि रोज भात टाकण्याआधी न धुतलेल्या, कोरड्या तांदळातली एक मूठ वेगळ्या मडक्यात. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डब्यातले पैसे होळीपर्यंतच पुरले. मग आईने मडकं काढलं. त्या तांदळावर आणखी तीन-चार आठवडे निघाले. शेजारच्या खोलीतली दोन पोरंही तेव्हा आमच्याच पंगतीला असायची, आणि आई त्यांना आधी वाढायची.