शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक

कॉलेजात सूचना काढणं हे मार्च २०२०पर्यंत अर्ध्या तासाचं काम होतं. मजकूर चार ओळींचा, खाली प्राचार्यांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, आणि सूचना वही काखोटीला मारून शिपाई मामा स्टाफरूमकडे रवाना. ज्यांना वाचायचं नसे तेही सही करत, कारण मामा समोर उभे असत. पुढे कोणी 'मला कळवलंच नाही' म्हणालं, तर वही उघडून त्याच्याच सहीवर बोट ठेवायचं, विषय संपला. महामारीने पहिल्या झटक्यात ते बोट काढून घेतलं आणि त्याच्या जागी व्हॉट्सॲपचा पिवळा अंगठा दिला. या अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा होत नाही, हे ऑफिसात बसणाऱ्याला आठवड्याभरात कळतं. त्याचा अर्थ 'आता पुन्हा पाठवू नका' एवढाच.

बाहेरच्यांचा समज असा, की सूचना प्राचार्यांच्या मनात येते. ती दिल्लीत उगम पावते. केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश निघतो, त्यावर राज्याचे मुख्य सचिव आपला आदेश काढतात, मग उच्च शिक्षण विभाग, संचालक, सहसंचालक, विद्यापीठाचं परिपत्रक आणि सगळ्यात शेवटी आम्ही. मध्येच महापालिका आयुक्त नाहीतर जिल्हाधिकारी येऊन मिळतात. प्रत्येक टप्प्यावर 'वरील संदर्भान्वये' या शब्दांची तेवढी भर पडते. टीव्हीवरची खालची पट्टी मात्र या सगळ्यांना वळसा घालून थेट पालकांच्या बैठकीच्या खोलीत पोचते. पाच वाजता पट्टी फिरते आणि पाच वाजून तीन मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजतो, 'अहो, परीक्षा रद्द झाली ना?' यावर 'अजून कागद आलेला नाही' हे शंभर टक्के खरं उत्तर असतं आणि ते शंभर टक्के टोलवाटोलवीसारखं ऐकू येतं.

या काळात जुन्या लिपिकांच्या एका वाक्याची किंमत कळली : 'पुढील आदेश होईपर्यंत'. ज्यांनी हौसेने तारीख घातली, त्यांना ३१ मार्च, १४ एप्रिल, ३ मे, १७ मे, ३१ मे अशा पाच सूचना काढाव्या लागल्या. ज्यांनी 'पुढील आदेश होईपर्यंत' लिहिलं, ते घरी आमरस खात बसले. अंतिम वर्षाच्या परीक्षेत तर या वाक्याचाही निभाव लागला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं २९ एप्रिलला आली, राज्य परीक्षा नको म्हणालं, आयोगाने ६ जुलैला सुधारित तत्त्वं काढून सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच म्हटलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल लागला : परीक्षेशिवाय पदवी नाही, फार तर मुदत वाढवून मागा. परीक्षा एकदाच्या ऑक्टोबरात ऑनलाइन झाल्या. तोवर ऑफिसातल्या संगणकावर 'परीक्षा सूचना', 'परीक्षा सूचना सुधारित', 'सुधारित अंतिम' आणि 'अंतिम हीच पाठवा' अशा फायली साचल्या होत्या, आणि पाठवायची नेमकी पाचवी होती. तिचं नाव 'नवीन डॉक्युमेंट (३)'.

उपस्थितीच्या आदेशांबद्दल आदर ठेवूनच बोलतो. मार्चच्या शेवटी शासकीय कार्यालयांत ५ टक्के उपस्थिती आली. बारा जणांच्या ऑफिसात ५ टक्के म्हणजे शून्य पूर्णांक सहा माणूस. पुढे 'मिशन बिगिन अगेन'मध्ये, म्हणजे राज्याने टाळेबंदी टप्प्याटप्प्याने सैल केली तेव्हा, शासकीय कार्यालयांसाठी '१५ टक्के किंवा १५ व्यक्ती, यांपैकी जे जास्त असेल ते' असं ठरलं. मंत्रालयाला हे ठीक. आमच्यासारख्या बारा जणांच्या ऑफिसाला हा नियम लावायचा, तर सगळे हजर राहूनही तीन माणसं बाहेरून आणावी लागली असती. शिक्षणसंस्थांची कार्यालयं फक्त शिकवण्याव्यतिरिक्तच्या कामासाठी उघडायची मुभा होती : ई-साहित्य, उत्तरपत्रिका तपासणी, निकाल. म्हणजे कॉलेजात शिकवणं सोडून बाकी सगळं चालेल. (हे काही कॉलेजांत आधीपासूनच चालू होतं, असं आमचे अधीक्षक म्हणतात. मी म्हणत नाही.)

मग ५० टक्क्यांचा तक्ता आला. सम तारखेला अ गट, विषम तारखेला ब गट. कागदावर देखणा. पण रोखपाल अ गटात आणि तिजोरीच्या कपाटाची किल्ली ब गटात, आणि गोल शिक्का ज्या खणात त्या खणाची किल्ली अशा बाईंच्या पर्समध्ये ज्यांची इमारत प्रतिबंधित क्षेत्रात. तक्ता करताना माणसं मोजू नयेत, किल्ल्या मोजाव्यात. शिवाय ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम असतात, हे तक्ता लावल्यावर ब गटाने लक्षात आणून दिलं, तेही लेखी.

मुंबईत यावर लोकलचा साज. लोकल सुरुवातीला फक्त अत्यावश्यक सेवेला. २१ ऑक्टोबर २०२०पासून महिलांना परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७नंतर. आमच्या सूचनेतली वेळ साडेदहा ते साडेपाच. म्हणजे विरारच्या मॅडमनी नियम पाळायचा, तर त्यांनी साडेबाराला यायचं आणि अडीचला निघायचं, नाहीतर रात्री आठपर्यंत पाणी पिऊन बसायचं. नोव्हेंबरच्या मध्यावर शिक्षक-शिक्षकेतरांना लोकल खुली झाली तेव्हा आमचं सूचनेचं शुद्धिपत्रक सहीसाठी टेबलावर होतं. ते रद्द करायलाही सूचना काढावी लागली.

आता खुद्द कागदाविषयी. बऱ्याच ऑफिसांत मराठी टंकलेखन अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटात चालतं. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवतात. संगणकावर सुंदर दिसतं. तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला, की मोबाइलला तो फाँट माहीतच नसतो, तो मुळातली इंग्रजी अक्षरं दाखवतो आणि 'सूचना' या शब्दाच्या जागी 'एल डब्ल्यू पी यू के' उमटतं. पहिल्यांदा असा मजकूर स्टाफच्या ग्रुपवर पडला तेव्हा सतरा अंगठे आले. उपाय दोन. एक, पीडीएफ करून पाठवा. दोन, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइलांना कळणाऱ्या अक्षरांत, रूपांतर करा आणि मग प्रत्येक शब्दाची पहिली वेलांटी तपासा. जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी टंकायची असते, रूपांतरात ती शेजारच्या घरी जाते. जोडाक्षरांवरचा रफारही असाच भटका.

सहीचं प्रकरण याहून नाजूक. प्राचार्य टाळेबंदीत गावी अडकले, जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर सही करून मोबाइलवर फोटो पाठवला. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पांढरा कागद राखाडी येतो. तो पत्रावर चिकटवला, की सहीभोवती चौकोनी मळकट ठिगळ दिसतं. वर्डमध्ये एखादा रंग पारदर्शक करायची सोय आहे, पण ती एकाच छटेला लागू होते आणि राखाडीत छटा असतात ढीगभर. आधी ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट चढवून कागद पांढराफटक करायचा, मग पारदर्शक करायचा, म्हणजे ठिगळ जातं. सहीतला शेवटचा ठिपकाही कधीकधी सोबत जातो. मुख्य लिपिकांना तो ठिपका नसलेली सही बनावट वाटे, ते ठिपका हाताने देत.

छापून, शिक्का मारून पुन्हा स्कॅन करायचं असेल, तर सगळ्या महाराष्ट्राचं एकच यंत्र होतं : कॅमस्कॅनर. प्रत्येक पत्राच्या तळाशी त्याची मोहोर. २९ जून २०२०ला केंद्राने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर कॅमस्कॅनरही गेलं. टिकटॉकसाठी पोरं हळहळली. कॅमस्कॅनरसाठी कोणी हळहळलं असेल तर ती कॉलेजांची ऑफिसं. ही बंदी स्टाफला कळवणाऱ्या सूचनेच्या तळाशीही तीच मोहोर होती, हे वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं होऊन पीडीएफ तयार झाली, की खरी कसोटी सुरू होते. त्या वेळी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात २५६ माणसं मावत. बी.कॉम.ची एक तुकडी १२० धरली, तर तीन वर्षांच्या तीन-तीन तुकड्या म्हणजे नऊ ग्रुप, शिवाय कला, विज्ञान, स्टाफ, 'स्टाफ ऑफिशियल' आणि 'स्टाफ ऑफिशियल ओन्ली'. कोणीतरी सुचवतंच, की ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ब्रॉडकास्ट फक्त त्याच माणसाला पोचतो, ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या मोबाइलात साठवलेला आहे. ऑफिसचा नंबर साठवून ठेवणारा विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे.

म्हणून सूचना माणसांच्या हातून खाली उतरते : प्राचार्य, अधीक्षक, विभागप्रमुख, वर्गशिक्षक, वर्गप्रतिनिधी, ग्रुप. आता गंमत बघा. अफवांना आळा म्हणून व्हॉट्सॲपने एप्रिल २०२०मध्ये नियम केला, की पाच किंवा अधिक हातांतून आलेला निरोप पुढे एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. दुहेरी बाण तर त्यावर आधीपासूनच दिसायचा. आमची अधिकृत उतरंड बरोबर पाच हातांची. म्हणजे हळद-काढ्याच्या निरोपावर जो शिक्का, तोच परीक्षेच्या वेळापत्रकावर. विद्यार्थी विचारत, 'सर, हे फेक आहे का?' आणि फेक असलेलं, परीक्षा रद्द झाल्याचं पत्र मात्र स्वच्छ, नीट संरेखित, ठिगळाशिवायच्या सहीचं असे. त्याच्यावर कोणीतरी खरंच मेहनत घेतलेली असायची.

फायलीचं नावही एक दुखणं. व्हॉट्सॲपवरून उतरवलेली फाइल 'डॉक', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि आकडे अशा नावाने साठते. तीन महिन्यांनी 'जुलैमधली ती सुधारित सूचना पाठवा' असा निरोप आला, की अशा दोनशे भावंडांतून ती शोधायची. म्हणून फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग विषय, हे कडक पाळावं आणि पाठवण्याआधी फाइल दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघावी. आम्ही हे पाळतो. अधीक्षक पाळत नाहीत, त्यांच्याकडे नाव 'सूचना'.

घरून काम करणाऱ्या प्राध्यापकांकडून रोजचा अहवाल गुगल फॉर्मवर घ्यायचा होता : वर्ग, विषय, घटक, उपस्थिती, स्क्रीनशॉट. फॉर्ममध्ये फाइल जोडायची सोय दिली, की दोन गोष्टी होतात. भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉगइन करावं लागतं, जे अर्ध्या लोकांना नातवाशिवाय जमत नाही. आणि सगळे स्क्रीनशॉट फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जमा होतात, तिथे फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेलसकट. जागा भरली की टपाल येणं बंद. त्या दिवशी विद्यापीठाचं तातडीचं पत्र येतं, हा योगायोग नाही, निसर्गनियम आहे. शिवाय स्क्रीनशॉटमध्ये हजर विद्यार्थी म्हणजे दोन मोबाइल कंपन्यांची मॉडेलं, एक 'मम्मी' आणि वडिलांच्या दुकानाच्या नावाने बसलेला एक. मूल्यांकनाच्या फायलीत हे सगळे 'लाभार्थी विद्यार्थी' म्हणून नांदतायत.

मे-जूनमधल्या कोरोना-जनजागृतीच्या ऑनलाइन प्रश्नमंजुषांना विसरून कसं चालेल. दहा प्रश्न, ४० टक्क्यांना ई-प्रमाणपत्र. वैयक्तिक जीमेल खात्यावरून असं आपोआप टपाल दिवसाला १०० जणांनाच जातं. मंजुषा मात्र नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत फिरलेली. एकशे एकाव्यापासून सगळे फोन करणार, 'माझं सर्टिफिकेट?' बरं, नाव भरणारा जसं टाइप करेल तसंच छापलं जातं. कॉलेजच्या बोधचिन्हाखाली सन्मानपूर्वक 'एबीसीडी' यांना गौरवल्याची प्रमाणपत्रं आमच्याकडे आहेत.

एप्रिल-मे २०२१मध्ये मात्र ग्रुपवर वेगळ्या सूचना येऊ लागल्या. वर श्रद्धांजली, लगेच खाली वाढदिवसाचा केक, आणि सवयीने पडलेला एक अंगठा. तेव्हा ऑफिसने ग्रुप फक्त ॲडमिनपुरता केला आणि ठरवलं, की अशा बातमीनंतर तास-दोन तास दुसरं काहीही टाकायचं नाही, कितीही तातडीचं असो. त्याच काळात नामनिर्देशनाचे, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कोणाला मिळावेत याचे, अर्ज भरून द्यायची जुनी, सहा वेळा काढलेली सूचना सातव्यांदा काढली. यावेळी अर्ज आले. मुदतीच्या आत, सगळे रकाने भरून.

२० ऑक्टोबर २०२१ला कॉलेजं उघडली ती दोन मात्रा घेतलेल्या, अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. प्रथम वर्षाचा निम्मा वर्ग सतरा वर्षांचा, त्यांच्यासाठी तेव्हा लसच नव्हती. कोविशील्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचं अंतर, म्हणून अठरा झालेलेही अधांतरी. प्रमाणपत्रं गोळा केली तर पहिल्या मात्रेची तात्पुरतीच जास्त. लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर नावाची दुरुस्ती एकदाच करता येई. एकाने आडनाव दुरुस्त केलं, मग कळलं की नाव चुकलंय. त्याला प्रवेशद्वारावर आत घ्यायचं की नाही, हे रखवालदार मामांनी आम्हाला विचारलं, आम्ही उपप्राचार्यांना, त्यांनी लेखी कळवा म्हणून सांगितलं.

५ जानेवारी २०२२ला ओमायक्रॉनमुळे पुन्हा १५ फेब्रुवारीपर्यंत वर्ग बंद. आता ऑफिस सराईत झालं होतं. मागच्या वर्षीची फाइल उघडली, तारीख बदलली, ठिगळाशिवायची सही चढवली, दहा मिनिटांत सूचना ग्रुपवर. वर्ष २०२१ तसंच राहिलं होतं. शुद्धिपत्रकाचा मसुदा करेपर्यंत १ फेब्रुवारीपासून वर्ग सुरू करायचा निर्णय आला, तेव्हा दोन्ही एकाच कागदावर काढलं. खाली अठ्ठेचाळीस अंगठे आणि एक प्रश्न : 'म्हणजे उद्या यायचं का?'